मेलेल्यांचे उष्मांक

२ फेब्रुवारी, शनिवार

एकशे आठ!

काटा बिघडला असेल म्हणून स्मारांदाला त्यावर उभं केलं. बरोब्बर बावन्न – इस्पितळात भरतं तेवढंच. म्हणजे काटा शाबूत आहे. बिघाड माझ्यात.

त्सुर्कान डॉक्टरीणबाईंचं वाक्य दोन दिवस डोक्यात घोळतंय. "तुमचं मूत्रपिंड फार छान आहे हो. त्याच्याभोवती माणूस तेवढा जास्त झालाय." रक्तगट जुळतो, बाकीचंही सगळं जुळतं – नवरा-बायकोचं इतकं जुळणं लग्नानंतर प्रथमच! फक्त नव्वदच्या आत या, मग तुमचं एक काढून बाईंना लावू. नव्वदच्या आत मी शेवटचा वाईच्या पाठशाळेत असताना होतो. तिथल्या आमटीत भांड्याचा तळ दिसायचा, हे त्यामागचं शास्त्रीय कारण.

स्मारांदाची दोन्ही मूत्रपिंडं संपलीत. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडतात. परत येते ती पिळून दोरीवर टाकलेल्या धुण्यासारखी. मेलेल्या कुणाचं मिळावं म्हणून यादीत नाव आहे, पण यादी हलत नाही. आणि इलिंकाला विचारायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. म्हणजे स्मारांदाने ठरवलं. "पोरीच्या अंगाला सुरी लागायची नाही. पुन्हा विषय काढू नकोस." पोरगी तिकडे सारागोसाला, स्पेनमधल्या म्हाताऱ्यांची उठबस करते. तिला एवढंच सांगितलंय, की बाबा देणार आहे, काळजी नको.

उरलो मी. आणि माझे हे अठरा किलो.

५ फेब्रुवारी

इलिंकाचा फोन. माझ्या फोनात एक मोजणारं ॲप घालायला लावलं. "बाबा, जे तोंडात जाईल ते आधी यात लिहायचं. चमचा चाटलास तरी." ती कॅलरी म्हणते, मी उष्मांक म्हणतो. शब्द तरी भारदस्त असावा, खाणाऱ्याला शोभेसा.

या ॲपला जपानी मासे-भात ठाऊक आहे, मामालिगा ठाऊक नाही! मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, दोऱ्याने कापलेला – 'किती वाट्या?' असं विचारतं. कुणाची वाटी? आणि मोजायचं ते कोरडं पीठ की शिजलेलं? शिजताना ते पाणी पिऊन तिप्पट होतं. बराच वाद झाला.

"पीठ मोज बाबा. पाण्याने कुणी जाड होत नाही."

"कोण म्हणतं?" – स्मारांदा, ओट्यापाशी पाठमोरी. तिचं दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत भरलेलं असतं. ती संपली की संपली. मग बर्फाचा खडा तोंडात धरून बसते.

एका घरात दोन मोजणारे. ती पाणी मोजते, मी पीठ. लग्नं टिकतात ती अशी!

१७ फेब्रुवारी

एकशे सहा. दोन गेले! स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. स्मारांदा म्हणाली, "छान." आणि कढईकडे वळली.

"तेल किती घातलंस?"

"डोळ्याने घातलं."

"डोळ्याचे किती ग्रॅम लिहू?"

"अरे, मोजून जेवायला हा तुरुंग आहे का? तुझ्या आईने तुला वाढताना कधी तराजू आणला होता?"

नव्हता आणला. आईला तराजूची गरज नव्हती, वाढायलाच फार नसायचं. 'तेल – एक चमचा' असं लिहिलं. अंदाज हेही एक प्रमाण आहे असं मानणारे पूर्वी होऊन गेले असतील; नसतील तर मी पहिला.

२४ फेब्रुवारी

डॅन्यूबच्या काठाने तासभर चाललो. घाम आला, गुडघा बोलला. फोन म्हणाला – पावाचा एक जाड काप. बस्स? पलीकडे सर्बिया दिसत होता. तिथवर पोहून गेलो तर बहुधा लोण्यासकट काप जिरेल.

२ मार्च, शनिवार

आज मेलेल्यांचा शनिवार. सकाळपासून जिन्यात वाडग्यांची वर्दळ. आपल्या गेलेल्याच्या नावाने शेजाऱ्याला जेवू घालायचं, शेजाऱ्याने खाल्लं की तिकडे त्याला पोचतं. पोमाना! नाही म्हटलं तर मेलेला उपाशी. इतक्या वर्षांत मला यात कधीच परकं वाटलं नाही. श्राद्धाचा ब्राह्मण म्हणून लहानपणी पुष्कळ घरचे पितर मी जेववलेत. फरक एवढाच, की तिकडे डुकराचा खिमा नसायचा.

यंदा मात्र ठरवलं होतं – नम्रपणे नाही म्हणायचं. पहिल्या आल्या तिसऱ्या मजल्यावरच्या व्हेतुरियाबाई. विधवा; बोलल्या की तळमजल्याला ऐकू जातं. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा-भात, वर आंबट सायीचा थर, वेणीचा पाव, साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू.

"बाई, यंदा मला माफ करा. वजनाचं जरा–"

"वजन? शेजारी, माझा दुमित्रु तिकडे ताट मांडून बसलाय आणि तुम्ही मला वजन सांगता?"

स्मारांदाला मीठ चालत नाही, अक्रोड चालत नाहीत, साय चालत नाही. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी इथल्या रीतीप्रमाणे म्हटलं, देव दुमित्रुला क्षमा करो, आणि बसलो. मागोमाग दुसरे वाडगे आले. सगळ्यांना क्षमा मिळाली.

मग ॲप उघडलं. लिहू की नको? पूर्वपक्ष – खाल्लं मी, तोंड माझं, पोट माझं. उत्तरपक्ष – ज्याची भूक भागते तो भोक्ता. भूक भागली दुमित्रुची. मी केवळ वाट. नळातून पाणी गेलं म्हणून नळ पाणी प्यायला असं कुणी म्हणतं का?

लिहिलं नाही. पाठशाळेतली वर्षं अगदीच वाया गेली नाहीत!

१० मार्च

एकशे सात. लिहिलेले उष्मांक पाहिले तर मी आतापावेतो चिमणीएवढा व्हायला हवा होतो.

इलिंकाने फोनवर उलटतपासणी घेतली. "खरं सांग बाबा, काय लिहायचं राहिलं?" सांगितलं; सिद्धान्तासकट सांगितलं. "बाबा! मेलेले जाड होत नाहीत! जिवंत होतात!"

इतकं साधं खंडन मी कधी ऐकलं नव्हतं.

गेल्या आठवड्यातल्या सगळ्या मृतांचं लिहून काढलं. बेरीज पाहिली आणि फोन पालथा ठेवला.

२३ मार्च, शनिवार

व्हेतुरियाबाई काळा रुमाल बांधून दारात. ओर्शोव्हाला त्यांचा भाऊ वारला – पोंपिलिउ. तिकडेच उरकलं म्हणे सगळं. "सख्खा भाऊ हो, शेजारी. पाठचा. आई कढई घासायला घ्यायची तर हा आधी खरवड मागायचा." डोळ्याला रुमालाचं टोक लावलं.

अशा माणसाच्या नावाचं परत कसं पाठवणार?

ईस्टरआधीचा मोठा उपास चालू झालाय, त्यामुळे मांस-अंडं वर्ज्य. हुश्श, असं मला वाटलं होतं. पण उपास म्हटला की तेल सुटतं, हे मी आपल्या एकादशीवरून ओळखायला हवं होतं. घोटलेला घेवडा, त्यावर तेलात तांबूस केलेला कांदा, भोपळा भरलेल्या तळलेल्या पोळ्या, अक्रोडाचं काहीतरी. आत्मा म्हणे पहिले चाळीस दिवस इकडेतिकडे हिंडत असतो. हिंडणाऱ्याला भूक लागणारच. पोंपिलिउला जरा जास्तच लागते असं दिसतं.

३० मार्च

पुन्हा पोंपिलिउ.

६ एप्रिल

एकशे आठ. निघालो होतो तिथेच परत. पोंपिलिउसाहेब, थोडं बेताने घ्या!

१४ एप्रिल

आज विनोद सुचत नाही.

शुक्रवारी यंत्रावर असताना स्मारांदाच्या पायांत गोळे आले. घरी आणली तेव्हा ओठ पांढरे. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबली. मीही थांबत होतो – ती रक्तात काही उरलं नाही म्हणून, मी अंगावर फार आहे म्हणून. दोघे धापा टाकत एकमेकांकडे पाहत उभे. खालून कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं.

त्सुर्कानबाई म्हणाल्या, "प्रयत्न करताय ना हो?" रागाने नाही. म्हणूनच जास्त लागलं.

त्याआधीच्या आठवड्यात तीन दिवस नुसत्या सुपावर काढले होते. तिसऱ्या दिवशी कामावर कस्टमच्या कागदांचं भाषांतर करताना 'गहू' हा शब्द आला आणि मला रडू फुटेल असं वाटलं. संध्याकाळी घरी काय शिजवलं होतं ते आठवत नाही, संपवल्याचं आठवतं.

आमच्या मधे एके काळी दोन समुद्र होते, भाषा होती, तिचे वडील होते. सगळं ओलांडून आलो. आता मधे अठरा किलो चरबी आहे आणि ती ओलांडता येत नाही.

२ मे

ईस्टर झालं. कोकराचं मांस, लाल अंडी, गोड पाव. लिहिलं नाही. काट्यावर चढलो नाही.

इलिंकाने फोनवर वजन विचारलं नाही. हवापाण्याचं बोलली. गेल्या वेळीही असंच. तिनेही आशा सोडली असेल. बरं वाटलं – आणि मग अजिबात बरं वाटलं नाही.

९ मे, गुरुवार

आधी नीट लिहून काढतो.

दुपारी जिन्यात एक गृहस्थ उभे. पांढऱ्या मिशा, दम लागलेला, हातात ओल्या कागदात गुंडाळलेला भला थोरला मासा.

"व्हेतुरिया कितव्या मजल्यावर राहते हो? मागच्या वेळी आलो तेव्हा इथे लिफ्ट होती बहुतेक."

"कधीच नव्हती. तिसरा मजला. आपण?"

"भाऊ तिचा. ओर्शोव्हाहून आलो."

"अरे! म्हणजे पोंपिलिउ वारले त्यांचे आपण–"

"कोण वारलं?"

"पोंपिलिउ."

"पोंपिलिउ मीच की!"

मी कठडा धरला. त्यांनी मासा काखेत मारून हात पुढे केला. हात गरम होता, ओला होता, माशाचा वास येत होता. मेलेल्याचा म्हणावा असा अजिबात नव्हता. माझ्या पोटाकडे पाहून खूश झाले – "खाण्याचे शौकीन दिसता!"

तुमचंच आहे साहेब, असं अगदी जिभेवर आलं होतं.

१० मे

व्हेतुरियाबाईंना कचऱ्याच्या डब्यापाशी गाठलं. "भाऊ बरे दिसले तुमचे."

बाई लाल झाल्या. "काही लोक, शेजारी, जिवंतपणीच आपली पोमाना घालून घेतात. आहे आमच्यात तसं. म्हातारपणी पुढे कोण घालील याचा भरवसा नसतो."

"आहे ना. त्यात मालक स्वतः हजर असतो. पोंपिलिउंना ठाऊक आहे का, की ते माझ्याकडे जेवतात?"

त्या पायरीवरच बसल्या. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झालेला ऐकला.

"मला पाप लागलं ते लागलं. तुमच्या घरात विचारा. पीठ तिचं, तेल तिचं, अक्रोड तिचे, रांधायचीही तीच, तुम्ही कामाला गेलात की. मी फक्त वर न्यायचं आणि वाडग्यात घालून खाली आणायचं. ती म्हणाली, माझ्या हातचं तो मोजतो, मेलेल्याचं नाकारणार नाही. आता माझे मेलेले किती पुरणार हो? संपले. म्हणून मग पोंपिलिउ."

"अहो, पण तो माणूस जिवंत आहे!"

"म्हणूनच तर! खऱ्या मेलेल्याच्या नावाने खोटं केलं असतं तर तो तिकडे उपाशी राहिला असता."

यावर कुठल्याही शास्त्रात उत्तर असेल असं मला वाटत नाही.

११ मे

स्मारांदा बटाटे चिरून पाण्यात भिजत घालत होती – तसे भिजवून क्षार उतरवले तरच तिला चालतात. मी समोर बसलो. म्हटलं, पोंपिलिउ भेटला.

सुरी थांबली नाही. "कळलं. व्हेतुरिया रडत आली होती."

"का केलंस?"

"तुझं पोट फाडलेलं मला नको."

"मग तोंडाने सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. दोघांनाही ठाऊक होतं.

"हे बघ," ती म्हणाली. बटाटे दाबून पाण्याखाली केले. "तुला आत नेलं आणि काही झालं, मग? दोघे आडवे. मग इलिंका येईल. यायचीच ती. परक्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलते, ती आपली बदलत बसेल, आणि तिचं आयुष्य या दोन खोल्यांत संपेल. घरात एक आजारी पुरे. तू जाड राहा, पण उभा राहा."

"आणि तू?"

"मी यादीत आहे. मेलेल्याचं मिळेल तेव्हा घेईन."

"मेलेल्याचं मी मार्चपासून घेतोय. काही उपयोग होत नाही!"

ती हसली. खूप दिवसांनी हसली, ओट्याला टेकून. मीही. हसता हसता तिला खोकला आला, आणि तिची पाण्याची बाटली रिकामी होती. मी बर्फाचा खडा आणून दिला.

१२ मे

स्वयंपाकघर आजपासून माझ्याकडे. तिने ना हो म्हटलं, ना नाही. पळी मात्र माझ्या हातात दिली. व्हेतुरियाबाईंना निरोप धाडला – खरे मेलेले असोत की खोटे, या दारात वाडगा नको.

२७ मे

एकशे तीन. आता ढकलावं लागत नाही; रोज थोडं उतरतंय. काय खातो ते लिहितो, लिहितो ते खरं असतं. मोजणं इतकं सोपं होतं!

पुढच्या हिवाळ्यापर्यंत नव्वद. त्सुर्कानबाईंना सांगायला फोन केला तर त्या म्हणाल्या, मीच करणार होते, बाईंच्या दंडातल्या शिरेकडे बघायचंय.

३० मे

स्मारांदाच्या दंडातली ती जोडलेली शीर बंद पडली. तिच्यातूनच यंत्राला रक्त जायचं. आता मानेत नळी घातलीय. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. दुसरी शीर जोडण्यासारखी राहिलेली नाही. नळीवर फार काळ काढता येत नाही, जंतू शिरतात. मी म्हटलं, हिवाळ्यापर्यंत मी नव्वद. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हिवाळा लांब आहे हो."

घरी आलो. चार पानं कोबी, उकडलेली. लिहिली.

३ जून

आज स्मारांदाने आपणहून विचारलं – "किती झालं?"

"एकशे दोन."

"अजून पुष्कळ आहे," म्हणाली आणि उशीवर डोकं फिरवलं. मानेतली नळी सांभाळून. तिला हायसं वाटलं की वाईट, हे मला तीस वर्षांनंतरही तिच्या आवाजावरून ओळखता आलं नाही.

११ जून

इलिंका आली. कळवलं नव्हतं. एप्रिलपासून तिकडेच सगळ्या तपासण्या करून घेत होती. विमानतळावरून आधी त्सुर्कानबाईंकडे गेली, मग घरी. जुळतं. शस्त्रक्रियेला जुलैची तारीख मिळालीय. स्मारांदाने खोलीचं दार आतून लावून घेतलंय.

पोरीला कुणी काट्यावर उभंसुद्धा केलं नाही.